दिसेल अशी चीर

अनगोळ, बेळगाव
९ जानेवारी २०२४

आक्का,

जय भीम. पत्र बघून घाबरू नकोस आणि फोनही करू नकोस. माझे कान तुला माहीत आहेत. फोन स्पीकरवर टाकल्याशिवाय मला ऐकू येत नाही, आणि स्पीकरवर टाकला की अख्खी गल्ली ऐकते. मेसेज दिपाली वाचते. अकरावीतल्या मुलीने बापाचं असलं वाचू नये.

मला जठराचा कॅन्सर निघाला आहे. तीन महिने जेवण वर येत होतं. मी पित्त म्हणत होतो. तोंडातून नळी घालून तुकडा काढला, त्यात आलं. गाठ जठराच्या खालच्या बाजूला आहे, बाकी कुठे पसरलेलं स्कॅनमध्ये दिसत नाही, असं सर्जन म्हणाले. ऑपरेशन करायचं ठरलं आहे. कसं करायचं ते ठरलेलं नाही, त्यासाठी लिहितो.

पद्धती दोन आहेत. एकीत छातीच्या हाडाखालपासून बेंबीच्या खालपर्यंत पोट उघडतात. दुसरी दुर्बिणीची. तिच्यात पाच भोकं, आणि कापलेला भाग बाहेर काढायला चार बोटं चीर. मी विचारलं, चांगली कुठली. सर्जन कानडी आहेत, मराठी बरं बोलतात. म्हणाले, "आतलं काम एरडू ओंदे, दोन्ही एकच. दोन्हीत तेवढंच काढायचं." दुर्बिणीचं करू असं त्यांचं मत दिसलं, पण घरी बायकोला विचारून सांगा म्हणाले. रचनाला विचारलं तर ती रडते.

तू एकवीस वर्षं थिएटरात सर्जनच्या हातात हत्यारं देतेस. तू सांग. मला जगायचं आहे, आणि फाउंड्रीत परत जायचं आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यांत वाळूचे साचे करणाऱ्या पन्नाशीच्या मोल्डरला साच्यावर उभं राहता येईना झालं की त्याला टूल स्टोअरची खुर्ची मिळते, नाहीतर तो घरी बसतो. मला खुर्ची मिळाली पाहिजे.

भीमरत्न

निपाणी
१४ जानेवारी

भीमू,

तीन महिने जेवण वर येत होतं. दीड तासाच्या बसवर बहीण आहे हे तुला तुकडा काढल्यावर आठवलं. तुझ्याशी भांडायला आयुष्य पडलंय असं मी आजवर म्हणत आले. आता तेही म्हणवत नाही.

दुर्बिणीचं घे.

कारणं लिहिते, म्हणजे उलट विचारणार नाहीस. जठर दोन्हीत तेवढंच जातं. आजूबाजूच्या लसीकाग्रंथी तेवढ्याच काढायच्या, आतडं तसंच जोडायचं. सर्जनचा हात बसलेला असेल तर पाच वर्षांनी किती जण जिवंत राहिले हा आकडा दोन्हीकडे जवळजवळ सारखाच येतो. दुर्बिणीला वेळ जास्त लागतो. मध्येच रक्त आलं किंवा गाठ चिकटलेली निघाली, तर दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागतं. ते होऊ शकतं, त्याची तयारी ठेव.

फरक पडतो तो नंतर. दुर्बिणीचा माणूस लवकर उठतो, लवकर चालतो. आणि तुझ्या बाबतीत फरक छातीचा आहे. एकोणतीस वर्षं वाळूची धूळ तुझ्या आत गेली आहे. पोटावर मोठी चीर असलेला माणूस दुखतं म्हणून खोकत नाही. कफ आत राहतो, न्यूमोनिया होतो. मग खोकला यायचा तो येतोच, आणि टाके सुटतात. जखम भरेपर्यंत केमो देता येत नाही, आणि तुझ्या आजारात ती वेळेवर सुरू व्हावी लागते. हे मी पुस्तकातून लिहीत नाही. असली पोटं मी पुसली आहेत.

सर्जनला एवढंच विचार, असली किती केलीत. रागावले तर दुसरे बघू. सांगितलं तर सही कर.

समता

अनगोळ
२३ जानेवारी

आक्का,

जय भीम. विचारलं. जठराचीच साठच्या वर केलीत म्हणाले, रागावले नाहीत. पण माझ्या बाबतीत दुर्बीण चालणार नाही म्हणाले. गाठ मागच्या बाजूला चिकटली असावी, उघडूनच बघावं लागेल. त्यांच्यापुढे मी काय बोलणार.

५ फेब्रुवारी ठरली आहे. तू रजा काढू नकोस. रचनाचा भाऊ आहे.

भीमरत्न

निपाणी
१९ फेब्रुवारी

भीमू,

नको म्हणालास तरी आले आणि दहा दिवस राहिले. त्यातले चार दिवस तू मला ओळखत नव्हतास, म्हणून लिहून कळवते. तू ऑक्सिजनवर होतास. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया झाला. आठव्या दिवशी खोकल्याच्या उबळीत खालचे चार टाके सुटले आणि आतून पू आला. तो अजून येतो, असं रचनाने कळवलं.

ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, गाठ कितपत चिकटली होती. त्यांनी फाईल उघडली. गाठ चिकटलेली नव्हती. आधीच्या पानावर लिहिलं आहे की रुग्णाला दोन्ही पद्धती समजावल्या, दुर्बिणीची शिफारस केली, रुग्णाने पोट उघडून करण्याचा आग्रह धरला. खाली तुझी सही. चांगलं वळणदार अक्षर आहे, बाबांसारखं.

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही थिएटरमध्ये असून घरच्यांना समजावलं नाही?"

तुला माझं ऐकायचं नव्हतं तर विचारलंस कशाला? कारण मला माहीत आहे, लिहायचे कष्ट घेऊ नकोस. बाबा आमच्याच हॉस्पिटलात वारले. त्या रात्री वॉर्डात माणूस कमी म्हणून थिएटरातून मला ड्युटीवर लावलं होतं. ताप चढतोय हे मी सर्जनना दोन तास उशिरा सांगितलं. बारा वर्षं तू त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. आता सही करून बोललास.

समता

अनगोळ
३ मार्च

आक्का,

बाबांचं माझ्या मनातही नव्हतं. दोन तासांचं मला आत्ता तुझ्या पत्रातून कळलं. ते तू बारा वर्षं एकटीने वाहिलंस आणि मला वाटत होतं तू स्वभावानेच तिखट आहेस.

खरं कारण लिहितो. ते वाचून तुला वाटेल, बाबांचं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या लाईनला युवराज म्हणून एक जण होता, चाळिशीचा. तीन वर्षांपूर्वी त्याचं पित्ताशय दुर्बिणीने काढलं. आठवड्यात तो कामावर आला. महिनाभर जड उचलू नये असा डॉक्टरचा कागद आणला होता. फोरमन आण्णाप्पाने कागद घडी करून त्याच्याच खिशात ठेवला आणि म्हणाला, "शर्ट वर कर बघू."

आमच्याकडे रीतच ती आहे. पायावर लोखंड सांडलं तर खुर्ची मिळते, कारण पाय दिसतो. कंबर गेली, दम लागला, तर मिळत नाही. कागद कुणीही आणतो. अंग दाखवावं लागतं. मोठमोठ्या माणसांनी आण्णाप्पासमोर पँट वर केलेली मी बघितली आहे. कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

युवराजने शर्ट वर केला. चार ठिपके होते. सगळी लाईन बघायला जमली. कुणीतरी म्हणालं, "ऑपरेशन झालंय का डास चावल्यात रं?" लई हसले सगळे. तोही हसला. आण्णाप्पाने मला विचारलं, "भीमरत्न, तुझ्यात माणूस कमी हाय, घेतोस काय ह्याला?" मी म्हणालो, "घेतो की. एवढ्याला काय हुतंय." वितळलेल्या लोखंडाची लॅडल दोघांनी उचलायची असते. एका टोकाला मी त्याला लावला. पंधरा दिवसांत बेंबीपाशी कातडीखाली त्याचं आतडं बाहेर आलं, हर्निया झाला. परत तो कामावर आला नाही.

डासाचं मीच म्हणालो होतो.

सर्जननी मला पाच भोकं म्हटल्यावर मी दुसरं काही ऐकलं नाही. जठर काढलेला माणूस आतून अर्धा झालेला असतो, आणि बाहेरून पाच ठिपके. मला अशी चीर पाहिजे होती की आण्णाप्पाने मान फिरवावी. तू लिहिलेलं छातीचं मी चार वेळा वाचलं. पटलंही. पण छाती कुणाला दिसत नाही.

आता खोकताना उशी पोटाशी दाबून धरतो. रचना सकाळ-संध्याकाळ जखमेत पट्टी भरते आणि माझ्याकडे बघत नाही.

भीमरत्न

निपाणी
११ मार्च

भीमू,

बाबांचं असतं तर बरं झालं असतं. एवढं तू बरोबर लिहिलंस.

माणसं आम्हाला विचारतात, सिस्टर, दुखेल काय, खूण राहील काय. लग्नाच्या मुलीची आई तर खूण कुठे येणार ते बोट ठेवून दाखवायला लावते. खूण पाहिजे म्हणून आलेला तू पहिला. गाढवा, आमच्या आयाबाया तंबाखूच्या वखारीत जन्मभर खोकल्या, एकीलाही कुणी विचारलं नाही. त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. मला वाटलं होतं तू शिकलास, आयटीआय केलंस, लाईनवर चार माणसं तुझ्या हाताखाली आली, तर तू कुणालातरी विचारशील. तू शर्ट वर करायला लावणाऱ्यांच्यात जाऊन उभा राहिलास. आणि तुझी पाळी आल्यावर रीत मोडण्याऐवजी पोट फाडून घेतलंस.

आता व्यवहाराचं. ऑपरेशनपासून सहा ते आठ आठवड्यांत केमो सुरू व्हावी असं आम्ही बघतो. म्हणजे एप्रिल लागायच्या आत. रचना म्हणते जखमेत अजून बोटाची दोन पेरं आत जातात. पट्टी रोज बदल. अंडी खा. चाल. खोकताना लाजू नकोस, खोक.

युवराजकडे जाऊन ये. माफी मागू नकोस. ती मागून तुला बरं वाटेल, त्याला नाही. नुसता बघून ये.

समता

अनगोळ
२० नोव्हेंबर

आक्का,

जय भीम. आठ महिने तू लिहिलं नाहीस, मीही नाही. रचनाकडून तुला कळत असेल. जखम भरायला एप्रिल संपत आला. केमो २९ तारखेला सुरू झाली आणि दिवाळीच्या तोंडावर संपली. चिरेच्या शेजारी पोट फुगून येतं, खोकलं की नारळाएवढं होतं. बोटांना मुंग्या असतात. वाळूत ओल किती आहे ते आम्ही मुठीत दाबून ओळखतो. आता मला माझी मूठच कळत नाही. म्हणजे साच्याचं काम गेलं, ते मी धरूनच चाललो होतो.

सोमवारी फाउंड्रीत गेलो. गेटवरच्या वॉचमनने ओळखलं नाही, मग ओळखलं आणि उठून उभा राहिला. आत गेलो. आण्णाप्पा लाईनवरच होता. त्याने काही म्हणायच्या आत मी शर्ट वर केला.

मला पाहिजे होतं तसंच झालं. मशिनी थांबल्या. कुणी हसलं नाही. आण्णाप्पाने मान फिरवली. त्याचे ओठ मला वाचता येतात. म्हणाला, "झाक रं. झाक आधी." मग स्वतःच म्हणाला, "स्टोअरात बस तू. मी बोलतो."

तेवढ्यात केयूरसाहेब आले. मालकांचा मुलगा, बाहेर शिकून आला आहे, सगळ्यांना अहो म्हणतो. गर्दी बघून आला आणि त्यानेही बघितलं. चीर बघितली, फुगवटा बघितला. मला पाठीवर हात ठेवून ऑफिसात नेलं, चहा मागवला. बोलतो हळू, मला काही ऐकू येईना. मग त्याने कागदावर लिहून दाखवलं, "काका, तुमचं एवढं मोठं ऑपरेशन झालंय. इथे काही झालं तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही. तुम्ही घरी आराम करा." मी म्हणालो, बसून काम आहे, साहेब, पावती घ्यायची आणि हत्यार द्यायचं. त्याने "एवढं मोठं" खाली रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शिवी दिली असती तर मी तिथेच बसून राहिलो असतो.

म्हणून लिहितो. तू सर्जनना भेट आणि दाखला आण. ऑपरेशन लहान होतं, असं त्यांनी लिहावं. तुझं ऐकतील.

हसू नकोस.

भीमरत्न

निपाणी
२७ नोव्हेंबर

भीमू,

हसले नाही. लहान होतं असं ते लिहिणार नाहीत आणि मी मागणार नाही.

नव्या स्कॅनचा रिपोर्ट रचनाने मला पाठवला. ठीक आहे. पुढचं डॉक्टर बघतील. तू आता घरी आराम कर. थोडं थोडं खा, गोळ्या वेळेवर घे. दिपालीच्या परीक्षेकडे लक्ष दे. काळजी करू नये.

समता

अनगोळ
४ डिसेंबर

आक्का,

तुझ्या आधीच्या पत्रांत "ठीक आहे" कुठेच नव्हतं. काढून बघितली. गाढव आहे, पू आहे, दोन पेरं आहेत. हे पत्र शेजारच्या बाईने लिहिल्यासारखं होतं. म्हणून रचना बाजारात गेल्यावर कपाटातला रिपोर्ट काढला. यकृतात तीन जागी आहे. इंग्रजी मला तेवढं येतं.

सर्जनकडे एकटा गेलो. विचारलं, दुर्बिणीने केलं असतं तर? केमो एप्रिलच्या आत मिळाली असती तर? त्यांनी लिहून दिलं, "सांगता येत नाही." खोटं बोलत नव्हते. हो म्हणाले असते तर शिव्या द्यायला कुणीतरी सापडलं असतं, मी का असेना. नाही म्हणाले असते तर झोप लागली असती. ते दोन्हींतलं काहीच म्हणाले नाहीत.

युवराजकडेही गेलो. तू सांगितलंस तेव्हा नाही, परवा गेलो. उद्यमबागेच्या तिसऱ्या वळणावर त्याचा अंडाबुर्जीचा गाडा आहे. बेल्ट बांधून उभा असतो. मी माफी मागितली नाही. त्याने आपणहून माझ्या पोटाकडे हात केला. मी दाखवलं. त्याने बघितलं, कांदा परतत राहिला, आणि माझ्याकडे तोंड करून मला कळेल असं सावकाश म्हणाला, "व्हय. तुझं दिसतंय." पुढ्यात प्लेट ठेवली. मला दोन घास जातात. उरलेलं त्याने कुत्र्याला घातलं.

आता खुर्चीचं सांगतो, मग परत मागणार नाही. तुला वाटत असेल मी अजून हट्टच करतोय. घरात मला ऐकू येत नाही. रचना आणि दिपाली बोलत असतात, मी आलो की थांबतात, मग दोघी माझ्याकडे तोंड करून मोठ्याने आणि सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात. भेटायला येणारे तसंच. दिवसभर मी हो हो करतो. शॉपमध्ये, लाईनवर, कुणालाच ऐकू येत नाही. मशीन चालू असताना सगळेच बहिरे. लॅडल आली, साचा फुटला, चहा आला, साहेब आला, जेवलास काय, सगळं हातानेच चालतं. शिव्यासुद्धा. तिथे माझ्यात काही कमी नसतं. राहिलेत तेवढे महिने मला तिथे बसायचं आहे.

भीमरत्न

निपाणी
१२ डिसेंबर

भीमू,

सोबत दाखला आहे. काल बेळगावला येऊन घेतला. तुझ्याकडे आले नाही, आले असते तर भांडले असते.

सर्जननी तीन वाक्यं लिहिली होती. ऑपरेशनची जखम पूर्ण भरली आहे. बसून काम करण्यास हरकत नाही. तिसरं वाक्य यकृताचं होतं. मी म्हणाले, सर, हे काढा. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणाले, विचारलेलं नाही ते लिहू नका. मग त्यांनी नवीन कागद घेतला आणि दोनच लिहिली. दोन्ही खरी आहेत. एकवीस वर्षांत असा कागद मी कुणासाठी मागितलेला नाही. बाबांच्या वेळी दोन तास गप्प बसले, ते चुकून. हे समजून उमजून.

मी तुला माफ केलेलं नाही. युवराजचं तर ते माझ्या हातातही नाही. हे तू मनात नीट ठेव, नाहीतर कागद आणला म्हणून सगळं फिटलं असं धरशील.

सोमवारी सातच्या बसने येते. केयूरसाहेबांशी मी बोलेन. तुला ऐकू येणार नाही ते बरंच आहे. तू नुसता शेजारी उभा राहा. शर्ट पँटीत नीट खोचून ये.

समता